मेहेरबानशेटचा बैल

माझ्या वडिलांना आभार मानायचं व्यसन होतं. सवय म्हणत नाही, कारण सवय मोडता येते. कुणी तांब्याभर पाणी दिलं की ‘मेहेरबानी’, कुणी वाट दाखवली की ‘मेहेरबानी’, आणि वाट चुकीची दाखवल्यामुळे भलत्याच गावाला जाऊन यावं लागलं, तर येताना त्या माणसाला गाठून पुन्हा ‘मेहेरबानी’, कारण त्याच्यामुळे एक नवं गाव पाहायला मिळालं. एकदा पालमच्या रस्त्यावर एक कुत्रं त्यांच्या अंगावर धावून आलं आणि त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, अर्ध्यातूनच माघारी वळलं. बाबांनी त्या कुत्र्यालाही हात जोडले, असं अम्मां शपथेवर सांगायची. बाबा म्हणायचे, हात जोडले नव्हते, नुसती मान लववली होती.

हा शब्द आमच्या गावाला नवा नव्हता. निजामाच्या राज्यात कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला तो पाठ होता. पण तो वर बसलेल्याला म्हणायचा असतो, अशी सगळ्यांची समजूत. मेंढरं राखणाऱ्याला, धुणं धुणाऱ्या बाईला, दारात सावलीला बसू देणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी ‘मेहेरबानी’ म्हणतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. आधी लोकांना वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतो. मग वाटलं, ह्याला काहीतरी मागायचं असणार. तो काहीच मागत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याचं नाव मेहेरबानशेट ठेवलं आणि विषय मिटवला. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ताडकळसच्या बाजाराला गाडीने निघालं तर न्याहारी घरी आणि जेवण बाजारात, एवढ्या अंतरावर ते आहे, इतकं पुरे. ह्या हकिगतीत गावच्या पाटलांची थोडी फजिती आहे, आणि त्यांचा एक नातू परभणीत माझ्या डोळ्यांचा डॉक्टर आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे माझा.

आम्ही मूळचे शिकारपूरचे, सिंधमधले. तिथून कराची, कराचीहून बोटीने मुंबई आणि मग कल्याणची छावणी, हा सगळा प्रवास मी अम्मांच्या कडेवर बसून केला, त्यामुळे त्यातलं जे मला आठवतं ते सगळं ऐकलेलं आहे. छावणीत असताना बाबांच्या मनाने घेतलं की सिकंदराबादला आपला एक लांबचा नातेवाईक आहे, त्याच्याकडे जावं. मनमाडला गाडी बदलून आम्ही निघालो आणि सिकंदराबादला आजतागायत पोहोचलो नाही. का पोहोचलो नाही, ह्याच्या आमच्या घरात दोन हकिगती होत्या. बाबांची हकिगत अशी, की पूर्णा स्टेशनवर ते पाणी भरायला उतरले, तिथे फलाटावर एक धनगर भाकरी खात बसला होता, त्याने ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जात नाही, गाव नाही, नाव नाही, काहीएक न विचारता अर्धी भाकरी आणि तिच्यावर ठेचा ह्यांच्या हातावर ठेवला. बाबांना त्याच क्षणी कळलं की आपला मुलुख हाच. अम्मांची हकिगत ह्याहून आखूड होती. ती म्हणायची, ह्यांनी त्या धनगराचे आभार मानायला सुरुवात केली आणि गाडीने शिट्टी दिली तरी आभार संपेनात. शेवटी तिने पेटी खाली फेकली, मला एका हमालाच्या हातात दिलं आणि स्वतः उडी मारली. तो धनगर लोकर विकून गावी निघाला होता. आम्हाला तो बरोबर घेऊन आला, कारण दुसरं काय करावं हे त्यालाही सुचलं नसणार. त्याची बायको म्हणजे माझी भागामावशी, जिने पुढे मला अम्मांइतकंच वाढवलं.

गावाच्या वेशीपाशी करोडगिरीची जुनी चौकी होती. निजामाचे शिपाई तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घ्यायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर शिपाई गेले आणि त्यांच्या जागी शेळ्या बसू लागल्या. पाटलांनी शेळ्या काढून आम्हाला बसवलं. शेळ्यांनी हा निर्णय पुढे बरेच दिवस मान्य केला नाही. दार जरा उघडं राहिलं की त्या आत येऊन आमच्याकडे, तुम्ही अजून इथेच का, अशा नजरेने बघायच्या. बाबांना मात्र ती चौकी राजवाड्यासारखी वाटायची. सकाळी उठून दारात उभे राहायचे आणि मला रस्ता दाखवायचे. ‘‘बघ बेटा. इकडे ताडकळस, तिकडे पालम, मनात आलं तर थेट मानवत. कोणाला पुसायचं नाही. सगळा रस्ता खुला.’’ मेंढरं घेऊन जाणारा भागामावशीचा नवरा थांबून म्हणायचा, ‘‘खरंय शेटजी. ह्याच जागेवर माझी गाडी थांबवून कडब्याची पेंढीसुदीक उसकून बघायचे.’’ मग दोघं मिळून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे. मला तेव्हा कळायचं नाही की नुसत्या रस्त्यात बघण्यासारखं काय आहे. बाबांचं म्हणणं असं की ह्या मुलुखालाही आपल्यासारखंच आत्ताआत्ता मोकळं केलंय, त्यामुळे आपण सगळेच इथे नवे.

अम्मांचं म्हणणं वेगळं होतं. तिला ह्या मुलुखातलं काहीही आवडायचं नाही. विहिरीचं पाणी मचूळ, मातीचा रंग काळा, गहू औषधापुरता आणि करडईच्या तेलाचा वास तर असा, की ती फोडणी देताना पदर नाकाला लावून शिकारपूरच्या लोणच्याची आठवण काढायची. ज्वारीची भाकरी तिला थापता येईना. तिची पहिली भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तिच्या हातावर तीन ठिकाणी फाटली, तेव्हा भागामावशी तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘‘भाकर हाय माय, चिंधी न्हाई, जरा मायेनं धर की.’’ अम्मांचा भाऊ कल्याणच्या छावणीत होता, त्याने तिथे दुकान थाटलं होतं आणि आपल्या माणसांत या म्हणून त्याचे निरोप यायचे. त्यामुळे आमच्या घरात रोज सकाळी अम्मां ‘‘मी उद्या भावाकडे जाते’’ असं म्हणायची, जसं इतर घरांत लोक ‘‘आज ऊन फार आहे’’ म्हणतात. बाबा त्यावरही मेहेरबानी म्हणायचे, आज गेली नाही म्हणून.

पण पोट अम्मांच्याच हातावर चालायचं. ती उडदाचे पापड करायची, भरड मिरी घातलेले, तळले की ताटाबाहेर जाणारे. त्या पापडांसाठी ती पीठ मुसळीने कुटायची आणि कुटताना गावाला शिव्या द्यायची, म्हणून पीठ चांगलं मऊ व्हायचं. बाबा ते पापड, थोड्या गोळ्या-बिस्किटं आणि दोरे-बटणं गाठोड्यात बांधून बाजारोबाजार हिंडायचे. एकदा अम्मांने घरात कोकी केली, कांदा-मिरची घातलेली आमची जाड पोळी. भागामावशीने तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि शांतपणे म्हणाली, ‘‘ह्ये तर धपाटंच हाय की. उगी सिंध सिंध करायलीस.’’ त्या दिवशी अम्मां तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

आणि मी. मी मारुतीच्या देवळात भरणाऱ्या मराठी शाळेत जायला लागले होते. गावातल्या मुली शाळेत जात नसत; बाबा म्हणाले, माझी जाईल, आणि मास्तरांना भेटून इतके आभार मानले की मास्तर घाबरून हो म्हणाले. मला शाळा आवडायची. इतकी आवडायची की अम्मांचं ते रोजचं ‘उद्या जाते’ ऐकलं की मी पाटी उचलून देवळाकडे पळायचे. ती खरंच गेली तर मला न्यावंच लागणार होतं, आणि छावणीत शाळेची जागा मिळत नाही, असं मामाच सांगायचा.

अशा घरात एका श्रावणात बैल आला. गाठोडं वाहून बाबांच्या खांद्याला घट्टे पडले होते, आणि भागामावशीच्या नवऱ्याने आपला जुना एकबैली छकडा आम्हाला वापरायला दिला होता. फक्त ओढणारा पाहिजे होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा ताडकळसच्या बाजारात गेले आणि एका हेडीकडून, म्हणजे गुरांच्या दलालाकडून, बैल घेऊन दिवेलागणीला घरी आले. उंच, पांढरा, वयस्कर बैल. डोळे असे, की समोरच्याने आधी नमस्कार करावा. बाबांनी तो केलाही. ‘‘चांगल्या दावणीचा आहे,’’ ते अम्मांला म्हणाले. ‘‘हेडी सांगत होता, आपल्याच पाटीलसाबांच्या घरचा. त्यांनी विकला, म्हणून आपल्या नशिबी आला.’’ अम्मां म्हणाली, म्हातारा आहे. बाबा म्हणाले, समजदार आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती आणि बाकी सगळ्या गावाला माहीत होती. आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी सगळे बैल सजवून वेशीपाशी आणतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. मंगलाष्टकं होतात आणि मग गावातला जो मानाचा बैल, तो सगळ्यांत आधी तोरणाखालून जातो. तो गेला की पोळा फुटला म्हणतात, आणि मग बाकीचे बैल निघतात. हा मान पाटलांच्या घराचा. तो चुकून दुसऱ्याकडे गेला म्हणून डोकी फुटल्याची, सोयरिकी मोडल्याची उदाहरणं पंचक्रोशीत होती. पाटलांचा मानाचा बैल राजा फार वर्षं पोळा फोडत होता. त्या साली तो थकला, तेव्हा पाटलांनी गावात सांगितलं की त्याला मानवतकडे लेकीच्या घरी आरामाला पाठवलंय. म्हातारा बैल बाजारात काढणं आमच्याकडे घरातलं म्हातारं माणूस काढण्यासारखं समजतात. अडलेला कुणबी काढतो, पण तोंड लपवून काढतो. पाटील अडलेले नव्हते.

बाबांना गावातली सगळी माणसं नावानिशी ठाऊक होती आणि बैल एकही ठाऊक नव्हता. भागामावशी आमच्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळायला म्हणून आली, ती दारातच थांबली. बैलाने तिच्याकडे पाहिलं, तिने बैलाकडे. ‘‘शेटजी,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘उद्या ह्याला मिरवायला नेऊ नका. दमलाय त्यो.’’ बाबा म्हणाले, इतकी वर्षं मी पोळा लांबून बघतोय, ह्या गावाने मला घर दिलं, आता देवाने बैल दिला, आणि मी मिरवायला नेऊ नको? भागामावशीने अम्मांकडे पाहिलं. अम्मां बैलाला दुसऱ्या दिवशी पुरणपोळी करायची असते हे ऐकून आधीच भडकलेली होती. ‘‘शिकारपूरला जावयाला पण कोणी एवढं करत नव्हतं,’’ ती म्हणाली. भागामावशीने हळद-तेल चोळलं, बैलाच्या कानात रिवाजाप्रमाणे ‘आज आवतन, उद्या जेवायला या’ म्हटलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बैलाची शिंगं निळ्या रंगाने रंगवली. झूल नव्हती म्हणून अम्मांच्या पेटीतली एक जुनी फुलकारीची चादर त्याच्या पाठीवर आली. ह्यावर त्यांचं जे बोलणं झालं ते मी सोडून देते. बाबा बैलाला घेऊन सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले. आपण नवखे, आपला नंबर शेवटचा, हे त्यांनी मनाशी ठरवलंच होतं. वेशीपाशी पाटलांची नवी जोडी उभी होती, झुली, घुंगूरमाळा, कपाळावर बाशिंग, सगळं जिथल्या तिथे. हलगी वाजायला लागली. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं.

हलगी ऐकली आणि आमच्या बैलाने मान वर केली. मी शेजारीच उभी होते, मला दिसलं. आपल्याला कुणी तरी चुकीच्या जागी उभं केलंय, हे त्याच्या ध्यानात आलं. तो निघाला. पळाला नाही, उधळला नाही. सासऱ्याच्या घरी जावई निघावा तसा निघाला. बाबांच्या हातात दोर होता, तो त्यांना सोडवेना, त्यामुळे तेही निघाले. वाटेत जो जो बैल बाजूला झाला त्याच्या मालकाला बाबा घाईघाईने ‘‘माफ करना, मेहेरबानी, मेहेरबानी’’ म्हणत होते, आणि अम्मांची फुलकारी त्यांच्या मागे जमिनीवर लोळत होती. भटजींचं दुसरं मंगलाष्टक अजून ‘सावधान’पर्यंत पोहोचलं नव्हतं. पाटलांची नवी जोडी काय झालं ते न कळून एक पाऊल मागे सरली. बैल तोरणाखाली आला, त्याने शिंगं जरा तिरकी केली, तोरण तुटलं, आणि पोळा फुटला.

हलगी थांबली. भटजी थांबले. मग गर्दीतून कुणी तरी म्हणालं, ‘‘आरं, ह्यो तर राजा हाय.’’ आणि दुसरं कुणी तरी म्हणालं, ‘‘त्यो मानवतला हाय न्हवं?’’ राजा कुणाचंच ऐकत नव्हता. पोळा फोडून झाल्यावर मानाचा बैल कुठे जातो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो बाबांना घेऊन सरळ पाटलांच्या दारात गेला. मागे सगळं गाव. दारात पाटलीणबाई आरतीचं ताट घेऊन नव्या जोडीची वाट बघत उभ्या होत्या. राजाला त्यांनी वासरापासून वाढवलेलं. त्यांनी एकदा राजाकडे पाहिलं, एकदा गर्दीत आलेल्या पाटलांकडे पाहिलं.

ही वेळ गप्प बसण्याची होती, हे शेळीलाही कळलं असतं. पण बाबांच्या मनात आभार दाटून आले होते. ज्यांच्या घरचा बैल आपल्याला मिळाला त्यांच्याच दारात, सगळ्या गावासमोर, देवाने आपल्याला उभं केलंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत भाषण केलं. ‘‘पाटीलसाब, मी तुमचा लय आभारी. तुमी हा बैल बाजारात काढला नसता तर माझ्यासारख्या परदेशी माणसाला असा बैल कुठून मिळाला असता? हेडी सांगत होता, पाटलांनी स्वतः उभं राहून सौदा केला. घरात कोणाला न सांगता केला. माझ्यासाठीच केला असं मी समजतो. मेहेरबानी.’’

आधी एक म्हातारी हसली. मग सगळं गाव हसलं, पाटील सोडून. पाटलीणबाईंनी राजाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, आणि पाटलांकडे न बघता आत जाऊन दार लावून घेतलं. आजही कुणी भाषणात जास्त आभार मानायला लागलं की मी दाराकडे बघायला लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल आला. पाटलांचा निरोप होता: येत्या बाजाराच्या आत चौकी खाली करा. कोतवाल बिचारा पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा होता. बाबा खाली बसले. मग म्हणाले, ‘‘इतके दिवस ठेवलं, ही काय थोडी मेहेरबानी?’’ आणि ते उठून गाठोडं बांधायला लागले. बांधता बांधता कुणाकुणाकडे जाऊन निरोपाचे आभार मानायचे ह्याची यादी त्यांनी तोंडाने सुरू केली, आणि ती यादी भागामावशीच्या नवऱ्यापाशी येऊन अडकली. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. मी माझी पाटी पोटाशी धरून कोपऱ्यात बसले होते. आता कल्याण, आता मामा, शाळा संपली. मला अम्मांचा राग आला होता, कारण तिच्या मनासारखं झालं होतं.

अम्मां पापडाचं पीठ कुटत होती. त्या दिवशी ती शिव्या देत नव्हती. थोड्या वेळाने तिने मुसळी खाली ठेवली, हाताला लागलेलं पीठ पुसलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, ‘‘चल. तुला यांची भाषा येते.’’

पाटील ओट्यावर बसले होते. समोर चहाची कपबशी होती, पण रिकामी. घरातून चहा आला नसावा. आतलं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्याआड पाटलीणबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. अम्मां ओट्याखाली उभी राहिली आणि सिंधीत म्हणाली, ‘‘ह्याला सांग, तुझ्या गावचं पाणी मचूळ आहे.’’

‘‘अम्मां म्हणते, गाव लय चांगलं हाय,’’ मी म्हणाले.

‘‘सांग, करडईच्या तेलाचा वास माझ्या केसांतून जात नाही. भाकऱ्या थापून माझे हात खुरासारखे झाले. एक दिवस असा गेला नाही की मी इथून जाते म्हटलं नाही.’’

‘‘ती म्हणते, आमी इथं सुखात हाव.’’

पाटलांच्या मिशा जरा हलल्या. अम्मां एक पाऊल पुढे गेली. ‘‘आणि हे पण सांग. मी गेले असते. उद्याच गेले असते. पण आता तू जा म्हणालास, आता मी जाणार नाही. एकदा कुणी तरी जा म्हणालं, म्हणून मी चुलीवर भात ठेवून, दार उघडं टाकून निघाले. मागे बघायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी घर सोडणार नाही. हा माझा नवरा रोज आजादी आजादी करतो, मला कधी कळलं नाही ती कशाशी खातात. आज कळली. मला जायचं असेल तेव्हा मी जाईन. तू सांगशील तेव्हा नाही.’’

ह्याचं गोड मराठी मला करता येईना. पाटील म्हणाले, ‘‘सांग की पोरी. थांबलीस कामून?’’ मी रडायला लागले.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ पाटील म्हणाले. ‘‘उर्दू शाळेत शिकलोय मी. सिंधी समदी न्हाई कळत, पर निम्मीअर्धी कळतीया.’’ त्यांनी अम्मांकडे पाहिलं. ‘‘पाणी मचूळ हाय, ह्ये खरं हाय.’’

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. पाटलीणबाई चारचौघांत नवऱ्याशी बोलत नसत, त्यामुळे त्याही माझ्याशीच बोलल्या. ‘‘पोरी, तुज्या पाटीलकाकाला म्हणावं, चौकी खाली करून पायजे आसल तर आदी राजाला घरी आणा. आन् राजाला आणायचा आसल तर वेशीत उभं ऱ्हाऊन, समद्या गावासमोर शेटजीकडून इकत घ्या. आन् म्हणावं, तवर चुलीला सुट्टी हाय.’’

मी पाटलांकडे तोंड करून म्हणाले, ‘‘काकू म्हणतात...’’

‘‘ऐकलं,’’ पाटील म्हणाले.

त्यांनी रिकामा कप बशीत फिरवला. गावासमोर बैल परत विकत घ्यायचा म्हणजे तो विकला होता हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. न घ्यावा तर घरात चूल नाही. शेवटी ते अम्मांला, माझ्या मध्यस्थीशिवाय, थेट दख्खनी उर्दूत म्हणाले, ‘‘बाई, बैल तुमच्याकडेच राहू द्या. मी तुम्हाला सांभाळायला दिला होता, असं गावाला सांगतो. तुम्हीही राहा. कोण हाकलतंय तुम्हाला?’’

अम्मांने मान हलवली. आभार तिने मानले नाहीत. ‘‘ठीक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्याला ओझं कमी घालू, म्हातारा आहे.’’ दाराआडून चहाचा कप बाहेर आला, आणि त्याच्यामागोमाग आमच्यासाठीही दोन आले.

पुढच्या वर्षी पाटलांनी स्वतः निरोप धाडला की पोळा राजाच फोडील, दोर शेटजींच्या हातात राहू द्या, मान बैलाचा असतो. बाबा तेव्हा पार मुके झाले. त्या एका दिवशी त्यांनी कुणालाही मेहेरबानी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी त्याच देवळातून पुढच्या शाळेत गेले आणि पुढे त्याच जिल्ह्यात शिक्षिका झाले. लोक मला विचारतात, तुमचा मूळ मुलुख कोणता. मी सांगते, शिकारपूर. पण ह्या काळ्या मातीने मला पाटी दिली, भाषा दिली, माझ्या पायावर उभं केलं. बाबांसारखं उघड उघड ‘मेहेरबानी’ म्हणायचा संकोच मला अजून आहे, एवढंच. लिहून टाकते.

बाबा गेल्यानंतर मी अम्मांला परभणीला माझ्याकडे ये म्हणून किती वेळा सांगितलं. गावात आता कोण आहे तुझं, मी विचारायचे. कल्याणहून मामाचा मुलगाही मोटार घेऊन तिला न्यायला आला होता. ती त्या करोडगिरीच्या चौकीच्या दारात, वाळत घातलेल्या पापडांच्या मधोमध बसलेली असायची. ‘‘येते ना,’’ ती म्हणायची. ‘‘उद्या येते. मला कोण अडवतंय?’’ आणि ऊन तिरपं व्हायला लागलं, म्हणून पापड उलटवायला उठायची.